नव्वदाव्या पायरीवरचं बाक

१२ जानेवारी

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिलेत, मनापासून नाहीत.

परवा तू बाबांना बेटावर फिरवून आणलंस आणि संध्याकाळच्या गाडीने पसारही झालीस. मी दुकानात शाळेच्या गणवेशांची काजं-बटणं करत मान मोडून बसले होते, घरी आले तर टेबलावर तुझी चिठ्ठी! औषधं, मालिश, दवाखान्याच्या रांगा ताईने करायच्या आणि वर्षातून दोन दिवस येऊन कौतुक धाकटीने लुटायचं.

बाबा त्या बेटावर दीपगृह सांभाळायचे तेव्हा तुझा पत्ताही नव्हता. माझी पहिली सात वर्षं तिथली. मला खांद्यावर बसवून धक्क्यापासून दिव्यापर्यंत दोनशे बारा पायऱ्या ते एका दमात चढायचे. आता तिथे उद्यान झालंय, जुन्या तोफा आणि पूर्वी बोटीवरच्या आजाऱ्यांना वेगळं ठेवायचे त्या खोल्या पाट्या लावून दाखवतात म्हणे. मला ते सगळं बाबांबरोबर बघायचं होतं. चार वर्षांपूर्वी त्यासाठी घेतलेले कॅनव्हासचे बूट अजून खोक्यात आहेत. विचारलं की गुडघे दुखतात म्हणून मोकळे! तुझ्याबरोबर बरे दुखले नाहीत ते. बोटीचं तिकीट आरशात खोचून ठेवलंय त्यांनी, वेणी घालताना रोज माझ्या डोळ्यांपुढे.

मला हेवा वाटतोय, अगदी पोटभर. खरं सांग, माझ्याबरोबर यायला त्यांना का नको असतं?

लोभ आहे, पण सध्या उकळतोय.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र हातात धरवेना, इतकं गरम होतं. चिठ्ठीपेक्षा दुकानात येऊन सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. पण बाबांनी घाई केली, तू दुकानातून यायच्या आत जाऊन येऊ म्हणाले.

ते वरपर्यंत चढलेच नाहीत गं. नव्वदाव्या पायरीवर एक बाक आहे, तिथे बसले ते पाऊण तास. धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते. मी घाबरून तुला फोन करते म्हटलं, तर माझा हात धरला आणि म्हणाले की थोरलीला यातलं काही कळता कामा नये. तिने मला पायऱ्या चढताना पाहिलंय, तिच्यासमोर असं बसवत नाही. तू काय, तू मला म्हातारपणीच पाहिलंस, तुझ्यासमोर चालतं.

धाप बसल्यावर त्यांनीच मला वर पिटाळलं. तोफा, खोल्या सगळं एकटीने बघितलं आणि वाटभर तुझ्यावर जळत होते. खांद्यावर बसवणारे बाबा तुला मिळाले. माझ्या वाट्याला बाक आलं. आणि त्यावर बसूनही ते तुझ्याबद्दलच बोलत होते, खांद्यावरून बोटी मोजताना तू कशी त्यांचे केस ओढायचीस ते.

त्यांना शब्द दिला होता, तो आज मोडला. माझं नाव सांगू नकोस. राग ओसरला की माया पाठव.

तुझी ठमी

२ फेब्रुवारी

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. या वेळी खरे.

पत्र वाचून दिवसभर मशीनवर बसले, एक बाही उलटी शिवली. बाबांना काही बोलले नाही. रात्री जेवताना मात्र कण्हत सांगितलं की मशीनचं पायडल मारून मारून माझे गुडघे धरलेत. बेट बघायची हौस आहे, पण अर्ध्यावरच बसावं लागेल आणि एकटीला तिथे बसायची लाज वाटते.

त्यांनी माझ्या पानात भात वाढला. मग म्हणाले की त्यात लाजायचं काय, मी बसेन की तुझ्याजवळ. मध्ये एक चांगलं बाक आहे.

तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं नाही.

रविवारी पहिल्या बोटीने जातोय. आज सकाळी माझे बूट खोक्यातून काढून त्यांनीच नाड्या ओवल्या. या खेपेला तू येऊ नकोस हं, अजून थोडी जळतेच आहे मी तुझ्यावर.

आहे तेवढा लोभ राहू दे.

तुझी ताई