चढावरचे बारा खांब

३ मार्च, मंगळवार

आलो एकदाचा. दोन पेट्या, एक गादी, एक रेडिओ आणि मी. यातलं सगळ्यात जास्त कुरकुरणारं सामान शेवटचं. खोली वरच्या मजल्यावर आणि घर रस्त्याच्या अगदी माथ्यावर. खिडकीत बसलं की अख्खा उतार खालपर्यंत दिसतो. रस्त्याच्या कडेला विजेचे बारा खांब आहेत, वरून खाली आकडे रंगवलेले. एक नंबर आमच्या फाटकाशी, बारा नंबर पार खाली बेकरीसमोर. घरमालकीण तळमजल्यावर राहतात. अर्ध्या तासात त्यांनी दोन्ही जावयांची बित्तंबातमी मला दिली. बदल्यात माझ्याकडून काहीच निघालं नाही, तेव्हा जरा हिरमुसल्या.

लेक याच गावात आहे, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. दोन वर्षं आमचं बोलणं नाही. मी इकडे राहायला येतोय म्हणून कळवलं, तर उत्तर आलं: बावीस तारखेला, रविवारी अकरा वाजता येईन, तासभर बसेन. तासभर म्हणजे पुष्कळ झालं. मला फक्त ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं आहे. एकसष्ट वर्षांत हे दोन शब्द मी कुणापुढेही काढलेले नाहीत, त्यामुळे सराव लागेल. आज आरशासमोर म्हणून पाहिले. आरसा काही बोलला नाही, पण सुरुवात बरी झाली.

५ मार्च, गुरुवार

रेडिओचं वेड जुनं आहे. इथेही चार वेडे निघाले. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. दर गुरुवारी मंडळी त्यांच्या दुकानात जमतात. वाचनालयाच्या गच्चीवर नवीन छोटं एफएम केंद्र लागलंय. शक्ती इतकी कमी की पाच किलोमीटरवर आवाजाची बोळवण. तो नेमका कुठपर्यंत पोचतो हे या मंडळींनी फिरून तपासायचं. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा शाळेतल्या एक बाई चाचणीचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचतात: ‘हे चाचणी प्रसारण आहे. आवाज नीट ऐकू येतोय का?’ आपण ठरलेल्या जागी उभं राहून शून्य ते पाच गुण द्यायचे आणि फॉर्मवर लिहायचे.

मला माझाच रस्ता मिळाला, बारा खांब म्हणजे बारा जागा. घड्याळजींनी एकच नियम सांगितला आणि तो सांगताना डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. जे कानांनी ऐकलं नाही ते लिहायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलवायला माझं काय जातंय?

८ मार्च, रविवार

पहिली फेरी. एक ते सहा खांब पायी केले. आवाज खणखणीत. सातव्याशी गुडघ्याने पाय धरले. उतरताना तो बोलतो आणि चढताना ओरडतो. परत आलो, चहा टाकला आणि सात ते बारा टेबलावर बसून भरले. सगळीकडे पाच दिले नाहीत, मी काय नवशिका आहे? दहाव्याला चार, बाराव्याला तीन आणि शेरा ‘किंचित खरखर’. खोट्याला थोडी खरखर लावली की ते खऱ्यासारखं दिसतं.

टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात मी एकतीस वर्षं हेच केलं. लोकांचे फोन बंद पडायचे, मी खुर्चीतून न उठता लिहायचो: ‘जागेवर तपासले. दोष आढळला नाही.’ निम्मे फोन आपोआप सुरू व्हायचे. उरलेले लोक कंटाळून गप्प बसायचे. जित्याची खोड आहे, आता या वयात कुठे जाणार!

१० मार्च, मंगळवार

घड्याळजींनी माझ्या फॉर्मचं दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर कौतुक केलं, अक्षरासकट. मग म्हणाले की बेकरीपाशी कुणाला तरी आवाज मुळीच मिळाला नाही, तेव्हा तेवढा बारावा खांब पुन्हा बघा. मी तोंडातल्या तोंडात शिव्या घालत खाली उतरलो.

चार वाजता बाराव्या खांबाशी रेडिओ लावला. बाई नाहीत. नुसती खरखर. आवाज वाढवून कानाशी धरला तर खरखरीच्या आत कुणीतरी धापा टाकत होतं. दुसरं एखादं केंद्र आडवं येत असेल. इतक्या कमी शक्तीच्या केंद्राचं हेच व्हायचं.

वैताग आला म्हणून पाव घ्यायला बेकरीत शिरलो. दोनदा मागितला. बेकरीवाला माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा ओरडून मागितला तेव्हा तो कान खाजवत आत निघून गेला. गिऱ्हाइकाशी वागायची ही रीत! पाव न घेताच चढ चढलो.

१२ मार्च, गुरुवार

अकरावा गेला. आज सकाळी दहावाही. दोन्हीकडे बाईंच्या जागी ती धाप. घड्याळजी स्वतः माझ्याबरोबर दहाव्या खांबाशी आले होते. त्यांच्या रेडिओवर बाई स्वच्छ बोलत होत्या, आणि त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर धरलेल्या माझ्या रेडिओवर धाप. त्यांना माझा रेडिओ कानाला लावायला दिला. म्हणाले, अहो, उत्तम येतोय की. मग मी काहीतरी विचारलं, तर ते इकडेतिकडे बघायला लागले, जणू मी निघून गेलोय. नवव्या खांबाशी आल्यावर मला पाहून दचकले. म्हणाले, कुठे गायब झाला होतात?

धापेला एक लय आहे. चार पावलं. थांबा. जड पिशवी या हातातून त्या हातात. मग पुन्हा चार पावलं. ती लय मला ठाऊक आहे. परवापासून ठाऊक नसल्यासारखं करतोय, पण इथे लिहायला हरकत नाही, इथे मला कोण बघतंय?

आमचं जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. शेवटच्या वर्षी बायको बाजारातून यायची तेव्हा चार पायऱ्यांनंतर थांबायची. मी वरून हाक मारायचो, ये की लवकर. ती वर येऊन दाराला टेकायची आणि म्हणायची, हल्ली फार दम लागतो हो, छातीत भरून येतं. मी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, ‘जागेवर तपासले, दोष आढळला नाही.’ विनोद म्हणून. पहिल्यांदा तीही हसली होती. पुढे आठ महिने मी तोच विनोद करत होतो. मग एक दिवस ती दुसऱ्या मजल्यावरच बसली, पिशवी मांडीवर घेऊन. शेजाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कुठे मी खाली उतरलो. लेकीने तेराव्यानंतर बॅग भरली.

१५ मार्च, रविवार

सातवा गेला. मी खोटे लिहिलेले सहाही खांब संपले. वाटलं होतं, इथे थांबेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

काल स्वच्छ कबुलीजबाब लिहून खाली घड्याळजींच्या दुकानात गेलो. आठ नंबरच्या खालच्या रस्त्यावर आता मला कुणी ओळखत नाही. ओळखत नाही म्हणणंही बरोबर नाही, कुणाला मी लागतच नाही. सायकलवाला सरळ अंगावर आला, मीच बाजूला उडी मारली. दुकानात घड्याळजी भिंग लावून बसले होते. कागद त्यांच्या हाताखाली सरकवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. कोरा आहे म्हणाले, स्वतःशीच, आणि त्यात एका गिऱ्हाइकाचा पट्टा गुंडाळून दिला.

माझी कबुली पट्ट्याबरोबर गेली. इतकं सुंदर अक्षर होतं.

१७ मार्च, मंगळवार

काल एक दिवस खाडा, वाटलं थांबलं. सहावा आज सकाळी. हा मी खरा तपासला होता. पाच गुण दिले होते, खरे पाच. त्याचाही उपयोग नाही.

लेकीला फोन केला. खोलीतून, एक नंबरच्या वर, इथे अजून बाई ऐकू येतात. तिने उचलला. मी म्हणालो, माझं चुकलं. आरशासमोर केलेल्या सरावापेक्षा चांगलं म्हणालो. ती दोनदा हॅलो म्हणाली. मग म्हणाली, नुसती खरखर येतेय, आणि ठेवला. परत केला. परत तेच. पाचव्यांदा तिने उचलला नाही.

तिची तक्रार मी नोंदवून घेऊ शकलो असतो तर काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे.

गाव सोडून जावं असा विचार आला. पण ती रविवारी येणार. समोरासमोर बसलो तर ऐकेलच. समोर बसलेल्या माणसाचं कुणीही ऐकतं.

मी ऐकलं नव्हतं.

१९ मार्च, गुरुवार

चौथा. रोज एक. आता रेडिओ लावावा लागत नाही. खिडकी उघडी असली की रस्त्यावरून येते धाप. रस्ता रिकामा असतो. लख्ख दुपार, वाळत घातलेले कपडे, झोपलेलं कुत्रं, आणि चार पावलं. थांबा. पिशवी.

घरमालकीण सकाळपर्यंत बोलत होत्या माझ्याशी. दुपारी जिन्यात भेटल्या तेव्हा मी नमस्कार केला. त्या माझ्या दारावर टकटक करून आतल्या रिकाम्या खोलीला विचारत होत्या, आहात का हो?

मी त्यांच्या मागेच उभा होतो.

२० मार्च, शुक्रवार

तिसरा. दिवसभर खाल्लं नाही. ओरडून पाहिलं. घसा बसला. खालच्या रेडिओवर बाई स्पष्ट ऐकू येतात घरमालकिणींना, त्या मोठ्याने उत्तरही देतात गमतीने — येतोय हो बाई, येतोय —

माझ्या रेडिओवर ती.

२१ मार्च, शनिवार

दुसरा. फाटकापासून वीस पावलं. आता पिशवी खाली ठेवल्याचाही आवाज येतो. तिला काय घाई? तिला आयुष्यभर घाई मीच केली.

उद्या अकरा. तेवढे तास, फक्त तेवढे. फाटकाशी थांब गं. एक दिवस —

२२ मार्च, रविवार

अकराला पाच कमी. आले. लेक, घरमालकीण आणि घड्याळजी. घड्याळजींना घरमालकिणींनीच बोलावलंय, तीन दिवस मी दिसलो नाही म्हणून. दुसऱ्या किल्लीने दार उघडलं. लेक बारीक झाली आहे. आईसारखी पदराशी चाळा करते.

समोर गेलो. म्हणालो. माझं चुकलं. तिने खोलीभर पाहिलं, माझ्या आरपार. पुन्हा म्हणालो. हात धरला. तिने खिडकी लावून घेतली, गार लागलं असं म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा शब्द नव्हते, नुसता —

घड्याळजींनी माझा रेडिओ लावला. त्यांना ऐकू आला. खाटेखाली पाहिलं, कपाट पाहिलं. मग खिशातून कोरा फॉर्म काढला आणि एक नंबरची फेरतपासणी म्हणून उभ्याउभ्याच भरला. भला माणूस आहे, ऐकल्याशिवाय लिहीत नाही. शेऱ्यात लिहिलं: जागेवर तपासले. दोष आढळला नाही.

लेकीने ते वाचलं. खाटेवर बसली, माझ्या शेजारीच. 

“आईला ते रोज हेच सांगायचे,” ती म्हणाली. “मी आज त्यांचं एकदा ऐकून घ्यायला आले होते. तर भेटलेही नाहीत.”

तिला वाटतंय मी टाळलं. ती आली आणि मी निघून गेलो, असंच वाटणार तिला आता कायम. ही वही तिच्या हातात होती. तिने पानं चाळली, सगळी, आणि ठेवून दिली. कोरी दिसली असावीत.

गेले. कुलूप लागलं बाहेरून. लेक पायऱ्या उतरताना मध्येच थांबली. वर येणाऱ्या कुणाला तरी वाट करून दिल्यासारखी भिंतीला टेकली, मला फटीतून दिसलं. मग खाली गेली.

चार पायऱ्या.

थांबली.

पिशवी या हातातून त्या —

चार.

दाराला टेकली आहे. श्वास दाराच्या अलीकडे आहे, कुलूप तसंच आहे. माझ्या खुर्चीमागे. तेच वाक्य, तिच्या आवाजात, दम लागत लागत, आवाज नीट ऐकू —

हो. येतो ऐकू. तू सांग, सगळं सांग, बसून सांग, मी या वेळी उठून नीट लिहून घे —