पोळ्याला जुंपलेली फटफटी

नाना, माझं सगळं बदललं ते तुम्ही गेलात तेव्हा नाही. गेल्या पोळ्याला बदललं, तुमचा शब्द पाळला म्हणून. म्हणून आज तो मोडतोय, आणि मोडायच्या आधी तुम्हाला या कागदावर सांगतोय.

तुम्ही कापसाच्या जिनात फिटर. जोडीतला एक बैल मेला त्या वर्षी तुम्ही मायदेशी निघालेल्या कुठल्याशा साहेबाची मोडकी अमेरिकन फटफटी उरलेल्या बैलामागं बांधून पिंप्राळ्याला ओढत आणली होती. लांबलचक, बुटकी, पोटात दोन सिलिंडर. आळीतले विचारत, "नाना, हिले शिंगं कोठे शेत?" तुम्ही रुंद हँडल दाखवायचे. गोठ्यात, मेलेल्या बैलाच्या जागी तिला उभी केलीत. सीट फाटली तर जुन्या मोटेचं कातडं शिवून घेतलंत, पाय ठेवायला सागाच्या फळ्या बसवल्यात, धुराड्याला जिनातला पाइप. आणि मायसाठी बाजूला एका चाकाचा, बसायचा डबा जोडलात. माय त्यात एकदाच बसली, डोळे मिटून.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे हळदतुपानं मळतात. तुम्ही बैलाचे खांदे मळायचे आणि त्याच हातानं हिच्या आसात वंगण भरायचे. दोघांना एकच वाक्य. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी हँडलच्या टोकांना हिंगूळ, गोंडे, टाकीवर पुरणपोळी. आणि जुंपायचं नाही! शेवटच्या तापात पडलात, मी तेव्हा मराठी सातवीत, तरी बोललात तेच. "हिचं काय करायचं ते कर. पोळ्याला मात्र जुंपू नको."

केलं की, नाना. काय करायचं ते सगळं केलं. तुम्ही उभट ठेवलेलं हँडल लोहाराच्या भट्टीत तापवून खाली पसरवलं. मागच्या चाकावरच्या कडक पट्ट्या काढून दमणी गाडीच्या स्प्रिंगा घातल्या. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा एक धाकटी टाकी बसवली: पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापलं की तोटी फिरवून रॉकेलवर सोडायची. धूर होतो, ताकद कमी पडते, पण चालते. लढाई संपली, रेशन कुठं संपलंय? काका म्हणतात, "बी.ए. व्हवाले धाडेल व्हता, फटफट्या व्हयीसन उना!" हो, आलो. पुण्याहून, दुसऱ्या वर्षातून उठून आलो, आणि पुन्हा विचाराल तर पुन्हा येईन. वर्गात बसून मला दोनच गोष्टी दिसत होत्या. एक ही, आणि दुसरी ती.

ती पारोळ्याच्या पुढची, धुळ्याच्या वाटेवरल्या गावातली. मी पुण्याहून सुट्टीला आलो त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पिंप्राळ्यात तिच्या मावशीकडे आलेली. सगळ्या पोरी झोक्यावर, ही आमच्या गोठ्याच्या दारात. डब्याकडे बघून म्हणाली, "आठे बसीसन काय दिसी? माले मांगे बसनं शे." मी त्याच आठवड्यात तुमचा डबा सोडवला आणि मागं सीट बसवली. माय रागावली. मी ऐकलं नाही.

गेल्या पोळ्याला सकाळी मावशीनं तिचा निरोप आणला. धुळ्याचे पाहुणे दिवेलागणीला साखरपुड्याला येताहेत. त्याआधी ये, माझ्या बापासमोर उभा राहा आणि मला माग. बैलगाडी कोणी जुंपणार नव्हतं, सर्व्हिसची मोटार सणाची बंद. गोठ्यात ही उभी, हिंगूळ लावलेली, टाकीवर पोळी. मी किल्ली हातात घेतली आणि नाना, तुमचा आवाज आला. किल्ली खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. तिच्या ओसरीवर साखरपुड्याचे रिकामे कागद पडले होते. ती दारात आली, रडत नव्हती. म्हणाली, "पोळाले बैल जुपतंस नही, मान्य शे. पन तू कोना बैल शे?"

वर्षभर हे वाक्य माझ्या मानेवर आहे. उत्तर सापडत नव्हतं, आज सापडलं. मी कोणाचा बैल नाही, नाना. तुमचाही नाही.

तिचं वर्षभर लांबलेलं लग्न यंदा तुळशीच्या लग्नानंतर धरलंय. तिनं घरात सगळ्यांसमोर नाही म्हटलं. बाप म्हणाला, जो वेळेवर आला नाही त्याच्यासाठी अडून बसतेस? मग काल मावशीकडून पुन्हा निरोप, नुसता टोमणा: "औंदा बी पोळा शे. येशी, का बैलंसना संगे बसशी?" येतो म्हणून कळवलंय. दिवसाउजेडी, वेशीत बैल मिरवायला सगळा गाव गोळा झालेला असेल तेव्हा जाणार. तिच्या बापासमोर उभा राहून मागणार. नाही म्हणाला तर हलणार नाही. गाडी वेशीत उभी करून तिथंच बसेन, आणि त्यांचे बैल माझ्या बाजूनं वळसा घालून जातील.

मगाशी मायनं किल्ली माझ्या हातात पाहिली. "आज पोळा शे, आन् तू हिले जुपस?" मी म्हटलं, "हो, जुंपतो." तिनं आत जाऊन फडक्यात पोळी बांधून आणली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुमची परवानगी मी मागितलेली नाही. फक्त एक खरं सांगतो. काल संध्याकाळी आसात वंगण भरताना आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी हळूच म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आवाज हुबेहूब तुमचा निघाला. जेवायला घालीन मी हिला, उपाशी ठेवणार नाही. पण गोठ्यात नाही. तिच्या दारात, तिच्या हातून.

कागद तुमच्या हत्यारांच्या पेटीत ठेवतो. पोळी घेतली, किल्ली घेतली. निघालो, दार ओढून घेतो.