बसलिंगप्पा स्क्रू फिरवतो

१ डिसेंबर, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. इलेक्ट्रिक चाक आलं एकदाचं! बसलिंगप्पाकडे दिवाळीपासून आहे. तेव्हापासून त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर नुसतं गरागरा. चुलतभाऊ पडला, भिंतीला भिंत आहे, म्हणून बोलत नाही.

संकल्प: संक्रांतीसाठी दोन हजार सुगडं. दुधनीचा व्यापारी यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावतोय. लोकांसमोर चाकावर बसायला एकच कुंभार नेणार. एक जानेवारीला गल्लीत बघायला येतो. तो कुंभार मीच. बसलिंगप्पा तिथं बसला तर मी सोलापुरात तोंड दाखवणार नाही.

१ डिसेंबर, दुपारी
पेडल दाबलं. काही नाही. आणखी दाबलं. काही नाही. जोर लावला तर मातीचा गोळा उडून थेट कॅलेंडरवर. रत्नम्मा म्हणाली, अहो, हळू दाबा की जरा. तीस वर्षं चाक फिरवतोय आणि बायको मला शिकवते! आमच्या घरात बायका चाकाला हात लावत नाहीत, माती मळतात. बोलायलाही बंदी घालायला हवी होती.

४ डिसेंबर
पुस्तिका वाचायची गरज नाही. मशीनच्या मागे दोन बारीक स्क्रू आहेत. एक कमीत कमी स्पीडचा, एक जास्तीत जास्त. दोन्ही शेवटपर्यंत फिरवले. आता पाय उचलला तरी चाक थांबत नाही. एका अर्थी फायदाच. प्लग काढून थांबवलं.

बसलिंगप्पाचं चाक पाय उचलला की थांबतं. मुद्दाम थांबवतो.

५ डिसेंबर
मेकॅनिक गुफरानला बोलावलं. मी चहा सांगून आलो तर तो रत्नम्माला कुठला स्क्रू किती फिरवायचा ते दाखवत बसलेला. म्हटलं, बाबा, वेळ कशाला घालवतोस? त्याने पेडल उघडून त्यातली वाळलेली माती काढली, स्क्रू जागेवर आणले. जाताना म्हणाला, चाचा, मशीन को कुछ नै हुआ, तुमारा पाँव भारी है.

बसलिंगप्पाचं चाकही हाच बघतो. तिकडे मन लावून करत असणार.

९ डिसेंबर
सकाळी स्पीड फुल करून ठेवला. जेवून चौकात दोन तास बसलो, कारण बसलिंगप्पाबद्दल चार लोकांना सांगणं भाग होतं. आलो तर स्पीड कमी. स्क्रू पाव फेरा मागे. परत फुल केला.

१० डिसेंबर
पुन्हा कमी.

११ डिसेंबर
पुन्हा. कळलं! मी चौकात गेलो की बसलिंगप्पा येऊन स्क्रू फिरवतो. जळतो माझ्यावर. इतका जळका माणूस बघितला नाही. माझं तसं नाही. त्याच्याकडे पंखा आला, फ्रीज आला, मागच्या महिन्यात अकरा पाहुणे आले, मी कधी लक्ष दिलं नाही.

१५ डिसेंबर
स्क्रूवर कुंकवाची खूण केली. दुपारी पुसलेली. रत्नम्माला विचारलं, कोण आलं होतं? म्हणाली, कोण येतंय वो आपल्याकडं. कोपरापर्यंत माती होती तिच्या. मळत होती बिचारी.

१९ डिसेंबर
फळीवरची सुगडं मोजली. चारशे दहा! मला वाटत होतं साठ-सत्तर झाली असतील. कामाला बसलो की भान राहत नाही माझं. साठ-सत्तर जाड आणि वाकडी आहेत, ती बसलिंगप्पाच्या खोडसाळपणामुळे. बाकीची मात्र लई देखणी. पातळ, काठ एकसारखा. रत्नम्माला म्हटलं, बघ हा हात! ती बराच वेळ बघत राहिली आणि आत गेली. नवऱ्याचं कौतुक करायची सवयच नाही तिला.

२४ डिसेंबर
बसलिंगप्पाला दारातच गाठलं. म्हणाला, अण्णा, मी कशाला येऊ वो तुमच्याकडं? उलट दुपारभर तुमच्या चाकाचा आवाज ऐकतो, किती एकसारखं चालवताय. म्हणजे भिंतीला कान लावून बसतो. स्वतः कबूल केलं.

दुपारी मी चौकात असतो. पण त्याच्या डोक्यात दुपार कुठली आणि सकाळ कुठली.

२९ डिसेंबर
भट्टी लागली. जाड सुगडं तडकली. बाकीची हजारभर टणटणीत. एक तारखेला बसलिंगप्पाने माझ्याच दारात उभं राहून बघावं अशी इच्छा आहे. तसं बोलावणंच पाठवलं.

१ जानेवारी, संध्याकाळी
व्यापारी आला. सुगड उचललं, टिचकी मारून कानाशी धरलं, म्हणाला, हाच हात पाहिजे. मी बसलिंगप्पाचं तोंड बघून घेतलं. आयुष्यातली ती दोन मिनिटं.

मग व्यापारी म्हणाला, एक करून दाखवा.

स्पीड फुल होता. गोळा त्याच्या पांढऱ्या शर्टावर. मी ओरडलो, हा बसलिंगप्पाचा उद्योग! रत्नम्माने पदर खोचला, कमरेचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, पाव फेरा दिला आणि बसली. चाकावर. आमच्या घरातली बाई! एक सुगड काढलं, दोन, पाच. सगळी फळीवरच्यासारखी. व्यापारी म्हणाला, ताई, तुम्ही यायचं गड्ड्यावर. बसलिंगप्पा म्हणाला, वहिनी, माझ्या पण मशीनचा स्क्रू बघा की.

२ जानेवारी
जळलो. बसलिंगप्पावर जळणं सोपं होतं, मध्ये भिंत होती. ही शेजारी बसून जेवते.

५ जानेवारी
रत्नम्माने पेडलखाली अर्धी वीट सरकवली. म्हणाली, आता दाबा कितीही. दाबलं. गोळा उडाला नाही. एक सुगड झालं. शेवटच्या भट्टीत घातलं. विटेची कल्पना मलाही सुचली असती.

१३ जानेवारी, गड्डा
गर्दी मावत नाही. सगळे तिच्याकडे बघतात. मी प्लग लावतो. प्लग लावल्याशिवाय चाक फिरत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

माझं सुगड तिच्या सुगडांत मिसळून ठेवलं होतं. एका बाईने पाच निवडली. चौथं माझं. उलटं करून बघितलं, परत ठेवलं, दुसरं घेतलं.

१४ जानेवारी
घरच्या पूजेला रत्नम्माने चार तिची घेतली आणि पाचवं माझं. बोरं, हरभरे, उसाचे तुकडे भरले. माझ्या सुगडात गहू ओतला. तळातून सगळा पाटावर.

यंदा गहूच बारीक आलाय.