दोघींत चौदा काठ्या

पर्थ,
३ एप्रिल १९६१

ती. ग्रिझेलताईस,
एल्स्पीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि गूजबेरीचा मुरंबा दोन्ही पोचलं. बरणी वाटेत फुटली नाही, पण वॉल्टरने ती दोन दिवसांत चाटूनपुसून ठेवली, म्हणजे फुटल्यातच जमा. त्याचं बियाण्याचं दुकान या दिवसांत गजबजलेलं असतं, घरी येतो तो फक्त खायला.

आता एक सांगते, हसू नकोस. मी गोल्फ शिकणार आहे. धाकटी जीन सासरी गेल्यापासून घर खायला उठतं. पियानोशी तरी किती बोलायचं? परवा शेजारच्या मिसेस राटरे मला नदीकाठच्या मैदानावर घेऊन गेल्या. त्यांच्या हातातली काठी घेऊन मी सहज एक फटका मारला, तर चेंडू असा उडाला की मलाच खरं वाटेना. तिथे शिकवणारे म्हातारबुवा म्हणाले की ही लकब अंगातच असावी लागते, घरात कुणी खेळणारं आहे का? मी ऐटीत सांगितलं, आमच्या क्रेगनेसच्या ताईला विचारा, घराण्याच्या गोल्फ सामन्यात बक्षीस मिळणारा टीपॉट सहा वर्षं तिच्याच फळीवर आहे.

तर ताई, मी काठ्या कुठल्या घेऊ? दुकानात गेले होते. लाकडी, लोखंडी, एकपासून नऊपर्यंत नंबर, कुणाचं पातं सुरीसारखं, कुणाचं पळीसारखं. डोकं गरगरलं. चौदापेक्षा जास्त न्यायच्या नसतात, एवढंच बाबांच्या तोंडून ऐकलेलं आठवतं. तू सांगशील त्याच घेईन.

मोठ्यांच्या आशीर्वादाची आणि लवकर उत्तराची वाट पाहणारी,
तुझी एल्स्पी

*

क्रेगनेस,
६ एप्रिल १९६१

चि. सौ. एल्स्पी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. शाळेत परीक्षा आहेत, तरी तुझ्यासाठी वेळ काढून लिहिते आहे.

नवशिक्याने चारच काठ्या घ्याव्यात. एक मोठी लाकडी, लांब दांड्याची. लोखंडीत दोन नंबर आणि तीन नंबर, पातं जितकं अरुंद मिळेल तितकं चांगलं, आणि दांडा कडक, अजिबात न लवणारा. चौथी पटर, म्हणजे शेवटी चेंडू होलमध्ये ढकलायची. बस. दुकानदार सात नि नऊ नंबरच्या कललेल्या रुंद पात्याच्या काठ्या गळ्यात मारायला बघेल. त्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस. त्या म्हणजे कुबड्या, एकदा धरल्या की सुटत नाहीत.

मी स्वतः दोन नंबरवरच शिकले. बाबांनी त्यांची जुनी काठी कापून माझ्या उंचीची करून दिली होती, हे तुला आठवत असेलच. चेंडू उठला नाही तर काठीला बोल लावू नकोस. दोष मनगटाचा असतो.

वॉल्टरला नमस्कार. मुरंबा आता पुढच्या वर्षी.

तुझ्या भल्याची काळजी असलेली,
ग्रिझेल

*

क्रेगनेस,
६ एप्रिल १९६१, संध्याकाळ

ती. टीनीआत्यास,
ग्रिझेलचा सा. न. वि. वि.

तुझी गुडघेदुखी कशी आहे? इथे पूर्वेचा वारा भणाणतो आहे आणि माझं डोकंही.

आत्या, आपली एल्स्पी गोल्फ शिकणार आहे! मला सांग, या जगात तिला काय कमी होतं? आवाज तिला मिळाला. आईचे केस तिला मिळाले, मोत्यांचा ब्रोच तिला मिळाला, पियानो उचलून पर्थला नेला तोही तिनेच. नवरा मिळाला, गुणी मुली मिळाल्या. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मला एकच गोष्ट मिळाली होती, बाबांबरोबरचा शनिवार आणि हातातली काठी. चाळीस मुलांच्या वह्या तपासून दुखणारे हे हात त्या मैदानावर गेले की माझे असतात. तिथे मला कुणी एल्स्पीची बहीण म्हणत नाही. आता तिथेही ती येणार. आणि पहिल्याच फटक्याला चेंडू उडाला म्हणे! लकब अंगातच असावी लागते म्हणे! वाचून तळपायाची आग मस्तकाला गेली.

तिने मलाच विचारलं, काठ्या कुठल्या घेऊ. तुला माहीतच आहे, नंबर जितका मोठा तितकं पातं कललेलं, आणि चेंडू आपोआप वर उठतो. नवशिक्याला म्हणूनच सात नि नऊ देतात. मी तिला दोन नि तीन सांगितल्या, त्याही सुरीसारख्या पात्याच्या, कडक दांड्याच्या. धट्टेकट्टे कोळीसुद्धा दोन नंबर घरीच ठेवून येतात.

पण मी खोटं बोलले नाही, एवढं ध्यानात घे. मी खरंच दोन नंबरवर शिकले. तीन वर्षं रडत शिकले, तेवढं फक्त लिहिलं नाही.

हे पत्र चुलीत घाल. माझ्यावरची माया मात्र घालू नकोस.

तुझी ग्रिझेल

*

पर्थ,
२० मे १९६१

ती. ग्रिझेलताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलेल्या चारही काठ्या घेतल्या. दुकानदाराला नावं सांगितली तर त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा सांगायला लावली. मी म्हटलं, माझी ताई सांगते ते उगीच नसतं. मग तो बिचारा मुकाट्याने शिडीवर चढला. वरच्या फळीवरच्या त्या काठ्यांवर धूळ बसली होती.

ताई, दोन नंबर म्हणजे दिव्य आहे गं! खांद्यापर्यंत अशा झिणझिण्या येतात की दातही वाजतात. चेंडू सशासारखा गवतातून पळतो, उडायचं नाव नाही. तळहाताला फोड आले, पियानो बंद आहे. वॉल्टर म्हणतो, हे सोडून विणकाम कर. पण दोष मनगटाचा असतो हे तू लिहिलंस ना, ते मी पक्कं लक्षात ठेवलं आहे.

तू हे सगळं एवढ्याशा वयात कसं सोसलंस, याचं मला खरंच नवल वाटतं. सवडीने लिही. तुझं पत्र आलं की बरं वाटतं.

तुझी एल्स्पी

*

डंडी,
१० जुलै १९६१

चि. ग्रिझेलीस,
टीनीआत्याचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही.

तुझ्या एप्रिलच्या पत्राला मुद्दामच उत्तर दिलं नव्हतं. रागाला उत्तर दिलं की तो जेवायलाच बसतो. पत्र चुलीतही घातलं नाही. माझ्याकडे चूल कुठे, गॅस आहे.

बातमी अशी की सामन्यातला तुझा नेहमीचा जोडीदार डुगल्ड, त्याने गाईला ढकलताना गुडघा मोडून घेतला. तेव्हा ऑगस्टच्या सुरुवातीला लॅमसच्या सुट्टीत होणाऱ्या घराण्याच्या सामन्यात या वर्षी तो तुझ्या जोडीला नाही. टीपॉट बक्षीस म्हणून ठेवला माझ्या नवऱ्याने, तेव्हा नावं घालायचा हक्क माझा. मी तुझ्याबरोबर एल्स्पीचं नाव घातलं आहे. तिला कळवलं, ती आनंदाने हो म्हणाली.

तू आत्ता खुर्चीवरून उठली असशील. बस खाली. जोडीचा खेळ कसा असतो ते तुला मी सांगावं असं नाही. दोघींत एकच चेंडू, एक फटका तिचा, पुढचा तुझा. तिने तो जिथे नेऊन टाकला, तिथूनच तुला मारावा लागणार. बाळे, तू तिच्या ताटात जे वाढलंस, ते आता दोघींनी एका ताटात जेवायचं आहे.

आणखी एक नियम, तुला माहीत असलेला, पण तुला तो आठवायचा नाही म्हणून लिहिते. जोडीदारांच्या पिशव्यांत मिळून चौदाच काठ्या असतील, तर एकमेकींची काठी वापरता येते. तिच्याकडे चार आहेत. तू दहा आण.

माझा गुडघा डुगल्डच्या गुडघ्यापेक्षा बरा आहे. हट्ट सोड, लोकरीचे मोजे घाल, आणि म्हातारीवर रागावून पत्र बंद करू नकोस.

टीनीआत्या

*

क्रेगनेस,
८ ऑगस्ट १९६१

ती. टीनीआत्यास,
सा. न. वि. वि.

टीपॉट गेला. कार्नबीची चुलत भावंडं तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घेऊन गेली. फळीवर त्याच्या बुडाचा गोल डाग राहिला आहे, घासला तरी जात नाही.

कसं झालं ते तुला कळलं असेलच, पण माझ्या तोंडून ऐक. वारा समुद्रावरून. पहिला फटका एल्स्पीचा, चेंडू थेट काटेरी झुडपात. मी आत शिरले, स्कर्ट फाटला, चेंडू काढला. तिने दोन नंबरने तो पलीकडच्या झुडपात घातला. दरवेळी गोड आवाजात सांगायची, अगं ताई, गेला बघ. मी वाळूच्या खड्ड्यात, मी ओढ्याच्या चिखलात, मी मेंढ्यांच्या लेंड्यांत. कार्नबीकर इतके सभ्यपणे गप्प होते की त्यांना मारावंसं वाटत होतं. दर होलला वाटे, काढावी आपली सात नंबर आणि द्यावी तिच्या हातात. माझ्या पिशवीत दहाच होत्या. हो, मोजून दहाच आणल्या होत्या. पण दिली असती तर कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून दिली नाही. टीपॉट जाताना दिसत होता तरी दिली नाही.

मग ओढ्याकाठचा तो होल आला, जिथे पाण्यावरून चेंडू उचलून पलीकडे टाकावा लागतो. दोन नंबरने ते होणं नाही. एल्स्पीने तीच उपसली, फडकं बांधलेल्या हातांनी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. आत्या, त्या जागी मी उभी राहायचे. तीच काठी, तोच ओढा, आणि बाबा मागे उभे राहून म्हणायचे की रडायचं काम नाही, मनगट वापर. मला त्या क्षणी एकच कळलं की मी माझ्या धाकट्या बहिणीचे बाबा झाले आहे, आणि त्यांच्यातला नको तो भाग तेवढा झाले आहे. मी माझी सात नंबर काढून तिला दिली.

तिने मारला. चेंडू उंच गेला, वाऱ्यावर जरा टेकला आणि झेंड्याजवळ उतरून थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण खरं सांगते, आत्या, टाळ्या वाजवताना पोटात असं दुखलं की विचारू नकोस. माझ्याच काठीने! एवढा सुंदर फटका माझ्या हातून या मोसमात गेला नाही.

पुढच्याच होलला आम्ही हरलो. चहाच्या गडबडीत ती माझी सात नंबर स्वतःच्या पिशवीत घालून पर्थला गेली.

तू ठरवून केलंस हे सगळं. तुझ्यावर रागावले आहे, तरी माया कमी करू नकोस.

ग्रिझेल

*

पर्थ,
१० ऑगस्ट १९६१

ती. ग्रिझेलताईस,
एल्स्पीचा सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी, तुझी सात नंबर माझ्याकडे आहे. चुकून आली नाही, मी आणली.

आता दुसरं. एप्रिलमध्ये त्या दुकानदाराला तुझ्या चार काठ्या सांगितल्या तेव्हा त्याने चष्मा पुसला, एवढंच तुला लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नव्हतं. त्याने विचारलं की ज्या बाईने हे सांगितलं तिचं तुमच्याशी वैर आहे का. मी म्हटलं, नाही हो, सख्खी बहीण आहे. तर तो म्हणाला, मग बरोबर.

ताई, मी त्या दिवशी रस्त्याने रडत घरी आले. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि त्याने सुचवलेला अर्धा संच घेतला. पाच, सात, नऊ, सगळ्या रुंद पात्याच्या, लवणाऱ्या दांड्याच्या, माझ्या उंचीला मापून दिलेल्या. त्यांच्यावर शिकले. पण तुझ्या चारही घेतल्या होत्या, आणि रोज थोडा वेळ दोन नंबरही मारायची. फोड खोटे नव्हते.

सामन्याला फक्त त्या चारच घेऊन आले. तुला झुडपांत शिरताना बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! देव क्षमा करो, तुझा स्कर्ट फाटला तेव्हा मी मनात गाणं म्हटलं. तू एकटीच जळतेस असं समजू नकोस. दर शनिवारी तू आणि बाबा निघायचात आणि मी खिडकीशी पियानोवर सा रे ग म घोटायची. तुम्ही यायचात तेव्हा त्यांच्या कोटाला व्हिनेगरचा वास यायचा. धक्क्यावर बसून तुम्ही तळलेले मासे खाऊन आलेले असायचात. मला फक्त वास मिळायचा. पियानो मी मागितला नव्हता, ताई. मला कुणी विचारलंच नव्हतं.

गोल्फ मी तुझं काही घ्यायला शिकले नाही. तू गोल्फ खेळणाऱ्यांखेरीज कुणाशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीस, म्हणून शिकले. दर होलला वाट पाहत होते, तू पिशवीत हात घालशील म्हणून. इतका उशीर लावलास की टीपॉट गेला.

काठी परत हवी असेल तर कळव. नको असेल तरी कळव.

तुझीच,
एल्स्पी

*

क्रेगनेस,
१२ ऑगस्ट १९६१

चि. सौ. एल्स्पी हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तराला सुरुवात केली आणि दोनदा फाडली. मला गोड लिहिता येत नाही, आणि आलंच तर काय होतं ते तू एप्रिलमध्ये पाहिलंस.

चूक माझी होती. ती वाईट होती आणि समजूनउमजून केलेली होती. जळणं मात्र अजून थांबलेलं नाही, हेही लिहून ठेवते, उगीच नंतर फसवलं म्हणशील. ओढ्यावरचा तो फटका रोज डोळ्यांपुढे येतो आणि रोज झोंबतो. तुझा तो दुकानदार दांडे मापून देतो म्हणालीस, तर माझं माप घ्यायला त्याला किती दिवस लागतील ते विचारून ठेव. लहानपणची ती कापलेली एक सोडली तर माझ्या काठ्या अजून बाबांच्या उंचीच्या आहेत.

सात नंबर मला परत हवी आहे. पोस्टाने पाठवू नकोस, दांडा वाकतो. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने स्वतः घेऊन ये, आणि लपवलेल्या काठ्याही आण. एकच चेंडू घेऊ, आळीपाळीने मारू. झुडपांत या वेळी तू शिरायचं.

लोभ तुझ्याकडून यावा, हेवा माझ्याकडे पुरेसा आहे.

तुझी ताई,
ग्रिझेल

ता. क. येताना जुना कोट घाल. खेळून झालं की धक्क्यावर बसून मासे खायचे आहेत, आणि व्हिनेगरचा वास आठवडाभर जात नाही.