बाबांनी काढून घेतलेला फोटो

१४ मार्च

प्रिय ताई,

पत्र पाहून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे तसं ठीक आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? फोनवर तू रडायला लागतेस, मग मीही रडते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितेय.

आमच्या रस्त्यावर आणखी एक बार उघडला. इथे केस कापायला न्हावी शोधावा लागतो, पण बार हाकेच्या अंतरावर. पूर्वी काउंटरवर मी एखाद्याला "आता पुरे" म्हटलं, की तो सरळ शेजारच्या दारात जायचा. आता सगळ्या बारवाल्यांचा फोनवर ग्रुप आहे. त्यावर फोटो पडला की त्या माणसाला रस्त्यावर कुणी दारू देत नाही. भांडणं खरंच कमी झाली. कल्पना माझी, म्हणून मालक मला हेडबाई म्हणतात.

त्या ग्रुपवर बाबांचाही फोटो आहे.

मीच टाकलाय, पण त्यांच्या सांगण्यावरून. एका दुपारी मी ग्लास पुसत होते, तर समोर येऊन उभे. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "माझा काढ. खाली लिही, याला कधीच देऊ नका. आणि मी उद्या गयावया केली तरी काढून टाकू नकोस." ताई, मला त्यांचा इतका अभिमान वाटला.

काही दिवस घर शांत होतं. मग ते पुलापलीकडे जायला लागले. तिकडचे बार आमच्या ग्रुपमध्ये नाहीत, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गेल्या आठवड्यात येताना पुलाच्या पायऱ्यांवरून पडले. मनगट मोडलंय. घाबरू नकोस, प्लास्टर घातलंय.

आता रोज एकच. "फोटो काढून टाक. इथे प्यायलो तर निदान तुझ्या डोळ्यांसमोर असेन." तेही पटतं गं. पण इस्त्रीच्या शर्टातल्या बाबांना मी शब्द दिलाय, त्यांचं काय करू? एक म्हणतात ठेव, दुसरे म्हणतात काढ, आणि दोघेही माझेच बाबा. माझं डोकं पार भंजाळून गेलंय.

इतका वेळ टाळलं ते आता लिहिते. मी काहीच करत नाही म्हणून ते रुसलेत. बॅग भरून ठेवलीय. पुढच्या रविवारी तुझ्याकडे येतायत, राहायला. मी अडवलं नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटतेय. तुझ्या इमारतीखाली दोन बार आहेत, मला आठवतंय.

तो फोटो छापून सोबत ठेवलाय. छान दिसतात त्यात. तू तो घरात लाव, नाहीतर त्यांच्या येण्याआधी खाली जाऊन दोन्हीकडे दाखव. काय बरोबर, मला खरंच कळत नाही.

तुझ्यावर भार टाकून मोकळी न झालेली,
तुझी धाकटी