कोळसेवाल्याच्या घरची विजेची शेगडी

३ सप्टेंबर १९६४

डोरीनचं डोकं फिरलंय. म्हणते, पुढच्या खोलीतली ऊब द्यायची कोळशाची शेगडी काढून टाकायची. भिंतीतून उपटून! आणि तिथे विजेची बसवायची.

म्हटलं, "बाई, माझ्या लॉरीवर काय लिहिलंय ते वाच. 'एंटविसल आणि मुलगा – कोळसा.' त्यातला मुलगा म्हणजे मी. तुझा नवरा."

"वाचता येतं मला. तुझ्या कॉलरवरही रोज तेच लिहिलेलं असतं."

न्हाव्याच्या बायकोनं दुसऱ्याच्या दुकानात जाऊन केस कापून यावं, तशातली गत!

४ सप्टेंबर

अबोला. थंड मटण आणि थंड नजर.

९ सप्टेंबर

अबोला सुटला – सुटला नसता तर बरं झालं असतं. हाताला धरून मला मोरीशी नेलं. बादलीत खिडकीचे पडदे भिजत घातलेले. पाणी काळ्या चहासारखं.

"मागच्याच आठवड्यात धुतले होते," म्हणाली. "तू कोळसा विकतोस, क्लिफर्ड. पुसते मी. सकाळी राख काढा, जाळी घासा, काळं पॉलिश लावा, कागद चुरगाळा, काटक्या रचा, फुंका. तू उठतोस तेव्हा खोली गरम असते. ती काय आपोआप होते?"

मी ओरडलो. शेजारच्या मिसेस क्रॉम्प्टननं ऐकता यावं म्हणून आपला रेडिओ बंद केला. भिंत पातळ आहे, आम्हाला कळतं.

२२ सप्टेंबर

दगाफटका! मी गल्लोगल्ली पोती टाकत हिंडतोय, आणि इकडे मेव्हणा घरात हातोडा घेऊन! सिडनी – डोरीनचा भाऊ, वायरमन, अंगात कायम घडीचा शर्ट. संध्याकाळी येतो तर भिंतीत भगदाड. शेगडी मागच्या अंगणात पडलेली, घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखी. दारांच्या नक्षीवर सपाट फळ्या ठोकलेल्या. "आता असंच असतं," म्हणे. सपाट!

मात्र धुराड्यातली सगळी काजळी एकदम खाली आली होती. डोरीन, सिडनी, सोफा – सगळे खाणीतून वर आल्यासारखे. सिडनीचा शर्ट पाहिला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर हसलो.

"हसा, दाजी," तो म्हणाला. "पण नगरपालिकाही आता धूर बंद करा म्हणतेय. जमाना विजेचा आहे."

म्हटलं, "जमान्याला आधी तोंड धुवायला सांग."

२५ सप्टेंबर

बसवली. खाली दोन सळया लाल होतात – ते ठीक. पण वर प्लास्टिकचे कोळसे! आत लाल दिवा, त्याच्यावर पत्र्याची भिंगरी. ती फिरली की कोळशांवर ज्वाळा हलल्यासारख्या दिसतात. डोरीन हात जोडून बघत बसली, देवळात बसावं तशी.

मी विचारलं, "कुठल्या खाणीतले?"

"कारखान्यातले, दाजी. हे कधी संपत नाहीत."

तेच तर! कधी न संपणारा कोळसा! माझ्या बापानं घोडागाडीवर धंदा सुरू केला, तो हे बघायला नाही, तेवढंच त्याचं नशीब.

८ ऑक्टोबर

मिसेस क्रॉम्प्टन कुंपणावरून: "काय हो एंटविसल, तुमच्या धुराड्यातून धूर नाही? घरी बरं आहे ना सगळं?"

म्हटलं, साफ करायचं चाललंय.

"अजून?"

"मोठं धुराडं आहे आमचं."

तिचं आणि माझं धुराडं एकाच भिंतीत, एकाच मापाचं. कोळसेवाला घरी वीज जाळतो हे हिला कळलं, की संध्याकाळच्या आत गावाला कळणार. मग माझ्याकडून पोतं कोण घेईल? खानावळीचा मालक शेजारच्या खानावळीत जेवताना दिसावा, तसं व्हायचं.

पडदे ओढून बसतो आम्ही. दिवसा!

१५ ऑक्टोबर

युक्ती काढली. सगळ्यांच्या देखत आमच्या दारापुढच्या, कोळसा टाकायच्या भोकातून दोन पोती तळघरात ओतली. मुद्दाम दणदणाट केला. मिसेस क्रॉम्प्टन खिडकीत. मान लववली तिला.

मग संध्याकाळी तळघरात उतरून तोच कोळसा फावड्यानं परत पोत्यांत भरला. पाठीचं धिरडं झालं. डोरीन चहाचा कप घेऊन पायरीवर बसली होती, हसून हसून चहा सांडला.

"जगात तू पहिलाच," म्हणाली. "स्वतःच्या घरी कोळसा टाकतोस, आणि स्वतःच्याच घरातून चोरून नेतोस."

२२ ऑक्टोबर

पुन्हा दोन पोती. पुन्हा पाठ.

७ नोव्हेंबर

उद्या आईला जेवायला आणतोय. ती गावाच्या त्या टोकाला एकटी राहते, आजही रोज शेगडी पेटवते. कोळसेवाल्याची बायको, कोळसेवाल्याची आई! ती हे प्लास्टिक बघेल, आणि डोरीनला असं काही सुनावेल की सोमवारी सिडनी येऊन जुनी शेगडी बसवायला पुन्हा भिंत फोडेल. ठेवणीतलं बोलते आमची आई. सगळी मदार तिच्यावर.

८ नोव्हेंबर

आई आली. कोट काढला. शेगडीसमोर उभी राहिली.

"राख कुठाय?"

"राख नसते, आई," डोरीन म्हणाली.

"सकाळी पेटवतं कोण?"

"कोणी नाही. बटण आहे."

आई खुर्चीत बसली. बूट काढले. पाय पुढे केले. आणि डोळे मिटून म्हणाली, "अगं बाई गं."

मी म्हटलं, "आई! बाबांना काय वाटलं असतं?"

"तुझ्या बापाला काय वाटायचं ते वाटो. चाळीस वर्षं त्याच्या अंगाला कोळशाचा वास, उशीला वास, पावाला वास. मला वीट आला होता मेला! सांगायचं राहून गेलं."

घात! सख्ख्या आईचा! जेवताना बीफचा सगळ्यात चांगला तुकडाही तिलाच वाढला होता मी.

संध्याकाळी पोहोचवायला निघालो तर म्हणते, "आठवडाभर राहते इथे. पायांना बरं वाटतंय."

२९ नोव्हेंबर

आठवडा संपला नाही अजून.

३ डिसेंबर

सत्यानाश. मी फेरीवर असताना आईनं पडदे उघडले आणि मिसेस क्रॉम्प्टनला चहाला बोलावलं. नुसतं दाखवलं नाही, बटण दाबायलाही दिलं! दुपारपर्यंत गावभर. पुढच्या चौकात एक जण ओरडला, "एंटविसल, आज पोत्यात खरे आहेत की प्लास्टिकचे?" पोरंटोरं हसली. दोन घरांनी "सध्या नको" म्हणून परत पाठवलं.

घरी येऊन आईवर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, "याच कोळशावर जेवलीस तू! मलाही याच्यावरच वाढवलंस!"

तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. तळव्यांच्या भेगांत बारीक काळ्या रेघा. नकाशावर नद्या असतात तशा.

"जेवले की," म्हणाली. "नाही कुठे म्हणतेय? पण हे जात नाही रे. लिंबू लावलं, सोडा लावला. तुझ्या लग्नात मोजे घालून उभी होते हातात. आठवतं?"

आठवतं. मला वाटलं होतं, मिरवायला घातलेत.

४ डिसेंबर

उगाचच हात धुतले तीनदा.

१३ डिसेंबर

रविवार. डोरीन प्रार्थनेला गेलेली. आई आणि मी शेगडीसमोर. सवयीनं मी सळई घेऊन प्लास्टिकचे कोळसे ढोसायला लागलो! आई खो खो हसली, ठसका लागेपर्यंत.

मग म्हणाली, "एकच खोट आहे हिच्यात. थुंकता येत नाही. तुझा बाप असा नेम धरून थुंकायचा – चर्रर्र!"

"तू चिडायचीस ना त्याच्यावर?"

"जाम चिडायचे." माझ्या हातातली सळई काढून घेत म्हणाली, "छान आवाज यायचा पण."

११ जानेवारी १९६५

मिसेस क्रॉम्प्टनला पण हवीय! गल्लीतल्या आणखी चौघींना. सिडनीच्या पायाला भिंगरी. आज येऊन डोकं खाजवत उभा राहिला. "दाजी, जुन्या शेगड्या न्यायला लॉरी मिळेल का? बिडाच्या आहेत, उचलवत नाहीत. अर्धे पैसे तुमचे."

डोरीननं माझ्याकडे बघितलंच नाही. केक कापत राहिली. बाई हुशार आहे.

आई म्हणाली, "जा की. बाप शेगड्यांच्या पोटात कोळसा घालायचा, मुलगा त्यांचे दात उपटेल."

१८ जानेवारी

मिसेस क्रॉम्प्टनची शेगडी लॉरीत चढवली. लहानपणापासून मीच तिला कोळसा घातलेला. जड होती. क्रॉम्प्टनबाई दारात उभी राहून डोळे पुसत होती – काजळी गेली म्हणाली. दोन्ही डोळ्यांत?

६ फेब्रुवारी

आई गेली. दुपारी, खुर्चीतच. डोरीन चहा घेऊन आली, तर झोपलीय असं वाटलं. पाय गरम होते.

८ फेब्रुवारी

दफनासाठी तिचा चांगला काळा पोशाख आणायला तिच्या घरी गेलो. खोलीत बर्फासारखी थंडी. शेगडी काळं पॉलिश लावून चकचकीत. जाळीत कागद चुरगाळून ठेवलेले, वर काटक्या, वर माझाच कोळसा – सगळं रचून तयार. त्या रविवारी आमच्याकडे जेवायला निघण्याआधी रचलेलं, संध्याकाळी परत आल्यावर पेटवायला.

काडीपेटी वरच्या फळीवर होती. पेटवली. पार विझेपर्यंत बसलो.