अम्मा लाल झाली का?

माय, तू अजून ड्यूटीवर होतीस हे तुला कुणी सांगितलंच नाही. बाबा पाळीपाळीने भिलाईच्या स्टील प्लांटात जायचे, आणि शेजारणीने तुला काही विचारलं की तू म्हणायचीस, "मले कोन्ती वं ड्यूटी? मी तं घरीच बसून राह्यतो." घरी बसून तू काय काय करायचीस ते आता काढत नाही, नाहीतर बाबांची बाजू घ्यायला कुणी उरणार नाही. पण मेल्यावर तू जितकी नोकरी केलीस तितकी बाबांनी जिवंतपणी केली नाही. पगार नाही, सुट्टी नाही, दिवाळीचा बोनस तर नाहीच.

आधी मी काय करते ते सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा मी दोन वेण्या घालून संस्कृतची रूपं घोकत होते आणि पोरगी मास्तरीण होणार असं तू सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतंस. संस्कृतात एम.ए. झाले, मास्तरीण काही झाले नाही. मग लॅबचा कोर्स केला आणि जिथे तू गेलीस त्याच हॉस्पिटलात लागले. तिथले लोक मला पंडिताइन म्हणतात. ऑपरेशनात काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो आम्ही मेणात बसवतो, मेणाच्या त्या वडीला ब्लॉक म्हणतात. तिचा केसाहून पातळ काप काढायचा आणि कोमट पाण्यावर सोडायचा. दुधावरच्या सायीसारखा तो पसरतो, सुरकुत्या आपोआप जातात, मग काचेवर उचलून रंगवायचा. पुढे मायक्रोस्कोपखाली बघून डॉक्टर सांगतात, काय आहे ते. पुस्तकात ह्या तुकड्याला ऊती असा छान शब्द आहे. तू म्हणाली असतीस, "मास म्हन न सरळ."

पहिल्याच आठवड्यात मी ऐकलं, "अम्मा लगाई?" आणि थोड्या वेळाने, "अम्मा लाल हुई क्या?" मला वाटलं, देवीबिवीचं काही असेल. तसं नव्हतं. टीबीचे जंतू शोधायचा रंग वेगळा. सगळ्या कापावर लाल चढवायचा, मग आम्लाने धुवायचा. बाकीचं धुऊन निघतं आणि मागून निळं रंगवतात, जंतू मात्र धरलेला लाल सोडत नाहीत. पण रंगच बिघडलेला असला तर जंतू असून दिसणार नाहीत आणि आजारी माणसाला आपण धडधाकट म्हणून घरी पाठवू. म्हणून दर वेळी शेजारी एक असा काप लावतात ज्यात जंतू आहेत हे पक्कं ठाऊक असतं. दोन्ही काचा एकाच भांड्यात, एकाच रंगात. शेजारचा लाल झाला तरच पेशंटबद्दल तोंड उघडायचं. हा शेजारचा काप आमच्याकडे कुण्या जुन्या बाईचा होता, म्हणून अम्मा. मी मनात तिला साक्षी म्हणायचे. संस्कृत कुठेतरी खर्ची पडायलाच हवं होतं.

आमचे मोठे टेक्निशियन रिटायर झाले त्या दिवशी समोसे खाऊन झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "बेटा, एक बात पेट में रखके बैठा हूँ. पहले दिन तुम्हारे बाबूजी तुमको छोड़ने आए थे न, मैं तभी पहचान गया. सालों पहले रिपोर्ट मेरे ही हाथ से ली थी उन्होंने, तुम साथ में थीं, चोटी वाली. अम्मा तुम्हारी ही है." मी म्हटलं, "और आप इतने साल चुप रहे?" ते म्हणाले, "बता देता तो तुम काट पातीं?"

दुसऱ्या दिवशी मी कापलं. काप पहिल्याच फटक्यात सरळ निघाला, हे सांगायला मला आवडत नाही. त्याहून वाईट म्हणजे तू इतकी चांगली अम्मा का होतीस ते मला कळत होतं. शरीर झुंजत असलं की जंतू तुरळक दिसतात, शरीराने झुंज सोडली की मोकाट वाढतात. निळ्या जमिनीवर जंतूंच्या त्या लाल काड्या इतक्या दाट, की नवी पोरं काच बघून म्हणायची, "वा, क्या अम्मा है!"

तुझ्या ऑपरेशनातल्या तुकड्याचा तो रिपोर्ट घ्यायला मी बाबांबरोबर गेले होते हे खरंय. तुझी तेरवी होऊन गेली होती. सायकल स्टँडपर्यंत बाबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "पोटातला टीबी होता. बरा होनारा होता." एवढंच. मग मला घरी सोडून ते सेकंड शिफ्टला निघाले. मी म्हटलं, आज नका ना जाऊ. तर म्हणाले, "फर्स्ट शिफ्टवाला माहा रस्ता पाहून राहिला असन. रिलीव्हर आल्याबिगर त्याले सुटता येत नाई."

आणि मला तुझी थाळी आठवली. कधीकाळी तुला मोठा खोकला झाला होता, घरात त्याचं नाव घ्यायचं नाही असा. तेव्हा तू एका थाळीच्या पाठीवर खिळ्याने फुली ओढलीस आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून जेवायला लागलीस. पदर तोंडाला बांधून पोळ्या लाटायच्या, आम्हाला आत वाढायचं आणि स्वतः दाराशी. खोकला गेला तशा गोळ्या बंद केल्यास, थाळी मात्र बंद केली नाहीस. एकदा तिच्यात पाटोडी उरलेली पाहून मी हात घातला. तू मला मारलंस ते तेवढंच. "पुन्हा त्या थाळीले हात लावला तं पाह्यजो!" मग माझे हात राखेने असे घासलेस की संध्याकाळी पेन धरवेना. पुसायला मात्र तू मला जवळ घेतलं नाहीस. लांबूनच टॉवेल फेकलास.

मावशी आता हुडको कॉलनीत राहते. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तिचं एकच चाललंय. "तुही माय काल पुन्हा आल्ती. दारातच उभी. हातात थाळी. म्या म्हनलं, ये न वं बाई आत. आलीच नाई. तिचं काईतरी राह्यलं हाय इथं. तू एवढं संस्कृत शिकली, शिवनाथ नदीवर जाऊन काई म्हन न तिच्यासाठी." मी दात काढले. मृतांना तृप्त हो म्हणणारे मंत्र मला येतात. उभ्या माणसाला बस म्हणणारा एकही येत नाही. आणि तुझं काय राहिलंय, कोणत्या कपाटात, कोणत्या खणात, ते मला मावशीपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तेव्हाच तू संपत आली होतीस. तुझे बाकीचे ब्लॉक कधीच झिजले होते, शेवटच्यात नखाएवढं उरलं होतं. मला झोप लागेना. उचलून नदीवर न्यावं की कापत राहावं? शेवटी मावशीला सांगून टाकलं.

"मंग आन न तिले घरी. मानसाले असं कपाटात ठेवते का कोनी?"

"तिचं काम आहे अजून, मावशी."

"मेल्यावर कायचं वं काम?"

"आजारी माणसांच्या बाजूला बसायचं."

"बाजूले? म्हनजे जवळ?"

"अगदी जवळ. एकाच भांड्यात."

मावशीने चष्मा काढला. "जितेपनी कोनाच्या जवळ बसली नाई माही बहीन," ती म्हणाली. मग पदराने चष्मा पुसत राहिली, काच फुटेल इतकी. "संपू दे मंग तिचं तिले. संपली का मले सांग. नदीवर मी येतो."

भिलाई-३ च्या एका रेल्वेवाल्याचा तुकडा आला, जंतूंनी भरलेला. तुझ्या जागी तो चालणार होता. पण नवा साक्षी लागू करायचा तर जुन्याशेजारीच लावून बघावा लागतो. जुना बोलेल तेव्हाच नव्याचं खरं. तुझा शेवटचा काप मी पाण्यावर सोडला तेव्हा नव्या पोराने विचारलं, "मॅडम, अम्मा खतम?" मी म्हटलं, "रिलीव्हर आ गया." दोन्ही काचा लाल झाल्या. डॉक्टरांनी मान हलवली आणि चहा मागवला.

मावशीला फोन करून सांगितलं, संपली. आम्ही शिवनाथवर गेलो, मी मंत्र म्हटले, मावशीने रिकामं मेण पाण्यात सोडलं आणि परत येताना सुपेल्याच्या बाजारात थांबून माझ्यासाठी जिलबी घेतली. खूप दिवसांनी ती हलकी दिसत होती.

पण माय, शेवटचा काप एक नव्हता, दोन निघाले होते. दुसरा मी रंगवला नाही. ती काच घरी आणली आणि तुझ्या थाळीत ठेवली, फडताळात वरच्या खणात. उजेडाला धरली तर काहीच दिसत नाही, नुसता काचेवर श्वास सोडल्यासारखा डाग. मावशीचा काल फोन होता. तू पुन्हा दारातच होतीस म्हणे. "आता तं काईच नाई राह्यलं तिचं, मंग कावून येते वं?"

मी म्हटलं, "सवय असेल."